घर सांभाळणारे यंत्र

इ. एम. फॉर्स्टर यांची ‘द मशीन स्टॉप्स’ ही विज्ञानकथा १९०९ साली प्रसिद्ध झाली. बेअर्डने लंडनमध्ये दूरचित्रवाणीचे प्रात्यक्षिक दाखवले ते त्यानंतर सतरा वर्षांनी! कथेतली वाश्ती जमिनीखालच्या खोलीत एकटी राहते. अन्न, हवा, अंथरूण सारे यंत्र पुरवते. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला राहणारा मुलगा, कुनो, तिला एका चकतीवर दिसतो. तू स्वतः भेटायला ये, असे तो विनवतो. तिला त्याची गरजच कळत नाही. अखेर यंत्र बंद पडते आणि त्यावर विसंबलेले सारे मरतात.

रे ब्रॅडबरी यांच्या १९५० सालच्या ‘द वेल्ट’मध्ये मात्र यंत्र चोख चालते, म्हणून ती कथा मला अधिक भयंकर वाटते. अमेरिकेत त्या वर्षी शंभरातल्या सुमारे नऊ घरांतच दूरचित्रवाणी होती. हॅडली कुटुंबाचे घर स्वयंपाक करते, मुलांच्या बुटांचे बंददेखील बांधते. आईला आपले काही कामच उरले नाही असे वाटू लागते. मुलांच्या खोलीच्या भिंती त्यांच्या मनातले दृश्य उभे करतात. तिथे रोज आफ्रिकेतले गवताळ रान आणि सिंह दिसू लागतात. मानसोपचारतज्ज्ञ खोली बंद करायला सांगतो. वडील सारे घरच बंद करतात, पण मुलांच्या आकांतापुढे नमून खोली मिनिटभर पुन्हा सुरू करतात. मुले आईवडिलांना आत कोंडतात.

तज्ज्ञ येतो तेव्हा सिंह सावलीत काहीतरी खात असतात. मुलगी त्याला विचारते, चहा घेणार का?