अमरावतीच्या अध्यक्ष

20 जुलै 1942 रोजी नागपूरच्या मोहन पार्कमध्ये अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. वीस हजारांवर स्त्रिया जमल्याचे तेव्हाचे वृत्तान्त सांगतात. अध्यक्षस्थानी होत्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. भाषणात त्यांनी संततिनियमनाचा विषय काढला. चारचौघींत कुजबुजतही न बोलायची ती गोष्ट त्या भरसभेत बोलल्या.

हे व्यासपीठ वेगळे का उभारावे लागले, याचे उत्तर पाच वर्षे आधी त्याच शहरात मिळाले होते. 1937 च्या अखेरीस नागपुरात अखिल भारतीय महिला परिषदेचे अधिवेशन झाले. मुलींची शाळा चालवणाऱ्या जाईबाई चौधरी तिथे गेल्या, तर जेवणाच्या वेळी त्यांना अस्पृश्य म्हणून वेगळे बसवण्यात आले. स्त्रियांच्या हक्कांसाठी भरलेल्या परिषदेतच हे घडले. दलित स्त्रियांनी निषेधाची सभा घेतली आणि आपली संघटना आपणच बांधायची, या विचाराने जोर धरला.

अमेरिकेतही असेच घडले होते. 3 मार्च 1913 रोजी वॉशिंग्टनमध्ये मताधिकारासाठी स्त्रियांचा मोठा मोर्चा निघाला. गुलामीत जन्मलेल्या पत्रकार आयडा वेल्स यांना इतर कृष्णवर्णीय स्त्रियांबरोबर मागे चालायला सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि मोर्चा चालू असताना त्या आपल्या इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरल्या. 1920 मध्ये अमेरिकी स्त्रियांना मताधिकार मिळाला. पण दक्षिणेतल्या बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रियांना प्रत्यक्ष मत देण्यासाठी 1965 च्या मताधिकार कायद्याची वाट पाहावी लागली.

इकडे वऱ्हाडात दलितांच्या जागृतीची मशागत आधीच झाली होती. नोव्हेंबर 1927 मध्ये अमरावतीला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातल्या अस्पृश्यांची परिषद झाली. तिच्यापुढचा मोठा प्रश्न अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा होता.

1942 च्या परिषदेने मात्र घर आणि कारखाना या दोन्हींना हात घातला. स्त्रीला घटस्फोटाचा हक्क हवा, बहुपत्नीत्व कायद्याने बंद व्हावे, असे ठराव झाले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे इथे राबणाऱ्या बायांना पगारी रजा, इजा झाल्यास भरपाई आणि म्हातारपणी पेन्शन मिळावे, अशी मागणी झाली. गिरणीत बायांवर देखरेखीला बाईच असावी, असेही परिषदेने म्हटले. अमरावती-अकोल्याच्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये कापसाच्या धुळीत रोजी कमावणाऱ्या बायांच्या जिण्याशी या मागण्यांचे थेट नाते होते.

त्या दिवशी बाबासाहेबही बोलले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळावर मजूर सदस्य म्हणून त्यांची नुकतीच नेमणूक झाली होती. समाजाची प्रगती आपण त्यातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे त्यांनी सांगितले. लग्नानंतर बायकोने नवऱ्याची दासी न होता मैत्रीण व्हावे, हा त्यांचा सल्ला होता. पुढे कायदामंत्री असताना हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा 1951 मध्ये त्यांनी राजीनामा दिला. एकपत्नीत्व आणि घटस्फोटाची तरतूद अखेर 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात आली. मोहन पार्कमधल्या ठरावाला तेव्हा तेरा वर्षे झाली होती.

चळवळीतल्या या दलित स्त्रियांच्या कहाण्या उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून, म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलते करून गोळा केल्या. ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे त्यांचे पुस्तक 1989 मध्ये आले. सुलोचनाबाईंच्या परिषदेची आणखी एक मागणी होती: कायदेमंडळांत आणि स्थानिक संस्थांत स्त्रियांसाठी राखीव जागा. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांपुरती ती 1992 च्या घटनादुरुस्त्यांनी देशभर मान्य झाली. लोकसभा आणि विधानसभांसाठीची घटनादुरुस्ती संसदेने 2023 मध्ये, म्हणजे नागपूरच्या ठरावानंतर 81 वर्षांनी, मंजूर केली.