कवेलू गेले, टिना आल्या, ओल घरातच राहिली

आज आपण छपराबद्दल बोलू. पावसाळ्यात छप्पर गळते तेव्हा सारे घर वर पाहते. दिवाळी सरली, आभाळ निवळले की छपराची आठवण कोणाला राहत नाही. पण आपल्या नरखेड तालुक्यात टिनाच्या घरांत पौष महिन्यात, आभाळात एकही ढग नसताना, पहाटे वरून थेंब पडतात. अंथरूण ओलसर लागते, कोपऱ्यात रचलेल्या कापसाला दमट वास येतो. आपण म्हणतो, दव गळते. हे दव बाहेरचे नाही. ते आपल्याच घरातले पाणी आहे. ते घरात का कोंडले गेले, हे समजायला आपल्या छपरांचा इतिहास पाहावा लागतो.

आपल्या आज्या-पणज्यांचे घर मातीच्या भिंतींचे आणि कवेलूचे. कुंभार चाकावर एका टोकाला रुंद, दुसऱ्या टोकाला निमुळती अशी नळी काढायचा. ती थोडी सुकली की उभी चिरून दोन कवेलू व्हायचे, मग ते भट्टीत भाजायचे. म्याल, फाटे आणि बांबूच्या कमच्यांवर एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी. भाजलेली माती थोडी ओल पिते आणि ऊन पडले की परत सोडते. दोन कवेलूंच्या मधल्या फटींतून घरातली वाफ आणि चुलीचा धूर बाहेर जायचा. त्या धुराने बांबू कोरडे राहायचे, त्याला कीडही कमी लागायची. म्हणजे पाणी बाहेर ठेवणारे आणि वाफ बाहेर सोडणारे असे ते छप्पर होते.

पण ते फुकट मिळत नव्हते. दर उन्हाळ्यात कवेलू फेरावे लागायचे. माणसे वर चढायची, फुटके कवेलू काढायची. बाया खालून कवेलू वर द्यायच्या, पडलेला कचरा-माती झाडायच्या, मग भिंती सारवायच्या. या कामाची नोंद कुठल्या वहीत नाही. छप्पर मात्र त्याच कामावर टिकले.

मग बाहेरची छपरे आली. १८६५ मध्ये मंगळूरला बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी कौलांचा कारखाना काढला. साच्यातली, एकमेकांत अडकणारी ती चपटी कौले मंगलोरी कवेलू म्हणून देशभर पसरली. १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि दूरचा जड माल आपल्या मुलखात येणे सोपे झाले. पुढे नागपूर-इटारसी मार्ग काटोल-नरखेडवरूनच गेला.

टिनाची गोष्ट याहून जुनी आहे. नालीदार लोखंडी पत्रा १८२९ मध्ये लंडनच्या गोदीतले इंजिनिअर हेन्री पामर यांनी काढला. त्यावर जस्ताचा मुलामा देण्याची रीत १८३७ पासूनची. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. हा पत्रा पहिल्यांदा गोदीतल्या मालाच्या छपरासाठी वापरला गेला. तिथे कोणी रात्रभर निजत नव्हते आणि कोणी चूल पेटवत नव्हते.

आपल्याकडे लोकांनी टिना का स्वीकारल्या, याची कारणे खरी आहेत. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की कवेलूंचा चुरा होतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये झाली तशी गारपीट झाली की उरलेलेही फुटतात. फेरायला माणूस मिळत नाही, चांगला बांबू महाग, कुंभाराचा मुलगा दुसऱ्या कामाला लागलेला. आणि आपल्या तालुक्याने ३० जुलै १९९१ चा दिवस पाहिला आहे. वर्धा नदीचा पूर मोवाडमध्ये शिरला आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. मोवाड नव्याने वसवावे लागले. ज्यांनी घरे वाहून जाताना पाहिली, त्यांना कोणी पुन्हा मातीच्या घरात जा म्हणू नये. म्हणून आम्ही जुने ते सारे सोने असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की छप्पर बदलताना त्याचे एक काम आपण विसरलो. वाफेला वाट देण्याचे काम.

आता पहाटेचे थेंब कसे पडतात ते पाहू. गडव्यात गार पाणी भरून ठेवले की गडव्याला बाहेरून घाम येतो. टिनाचे तसेच होते. निरभ्र रात्री टीन आपली उष्णता आभाळाकडे सोडते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडते. आपल्याकडे थंडी काही लहान नाही. २९ डिसेंबर २०१८ ला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. घरात मात्र पाच-सहा माणसांचे श्वास, आंघोळीच्या पाण्याची वाफ, सैपाकाची वाफ. ती वर जाते, गार टिनाला लागते आणि पाणी होऊन खाली येते.

यात गॅसचीही भर पडते. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि अनेक घरांतला धूर कमी झाला. आपले डोळे आणि छाती वाचली, हे फार बरे झाले. पण धूर दिसायचा म्हणून आपण त्याला वाट ठेवत होतो. गॅसची वाफ दिसत नाही. एक किलो गॅस जळला की दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत मिसळते. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमधून वीस लिटरहून अधिक. धुराडे बुजवले, फटी लिंपल्या, तर हे पाणी जाणार कुठे?

याचा फटका खिशाला बसतो. भारतीय कापूस महामंडळाच्या खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असलेल्या कापसाला पूर्ण हमीभाव मिळतो. त्यापुढे भावात कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर कापूस घेतच नाहीत. वर्षभर राबून वेचलेला कापूस घरातल्या छपराखाली ओला व्हावा, हे परवडणारे नाही. लहान लेकरांना आणि दमेकऱ्यांना ओलसर, बुरशी धरलेल्या खोलीचा त्रास होतो तो वेगळाच.

मग करायचे काय? टिनाच्या घरात आढ्याखाली किंवा समोरासमोरच्या भिंतींत, अगदी उंचावर, दोन झरोके ठेवा. साप-उंदीर येऊ नयेत म्हणून जाळी लावा, पण थंडीतही ते बुजवू नका. टिनाखाली वीतभर अंतर सोडून बांबूचा तट्टा लावला आणि मधून हवा खेळती ठेवली, तर थेंब अंगावर पडत नाहीत आणि उन्हाळ्यातही आराम मिळतो. खिळे-बोल्ट नालीच्या उंच भागावर असावेत, खोलगट भागात नाही. तिथले डांबरी वायसर झिजले असतील तर बदलून घ्या. कापूस भिंतीपासून दूर, फळ्यांवर रचा आणि वरून प्लास्टिक नको, सुती कापड टाका.

सिमेंटचे पत्रे असतील तर एक काळजी घ्या. जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते. शेवाळ काढायला ते कोरडे घासू नका, तोडू नका. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे.

स्लॅबचे दुखणे निराळे. पावसाळ्यात भेगांतून शिरलेले पाणी आतल्या सळईला गंज चढवते. गंजलेली सळई फुगते आणि खालचा गिलावा सुटतो. हिवाळ्यात भिंतीवर पांढरा खार फुटला, तर ओल आत मुरली आहे असे समजा. भेगा बुजवायला हेच दिवस चांगले. पाणी जाण्याची भोके पालापाचोळ्याने तुंबू देऊ नका. पऱ्हाट्या-तुराट्यांचा ढीग स्लॅबवर ठेवला तर त्याखाली ओल धरून राहते.

जुन्याचे शहाणपण नव्यात आणता येते, हे शेजारच्या वर्धा जिल्ह्याने दाखवले आहे. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला आले तेव्हा घर गावातल्याच सामानाचे आणि गावातल्याच कारागिरांच्या हातचे असावे असा त्यांचा आग्रह होता. माती, बांबू आणि कवेलूची बापूकुटी आजही पाहता येते. पुढे वर्ध्याच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने कुंभाराने घडवलेल्या पोकळ, शंकूच्या आकाराच्या नळ्या एकमेकींत बसवून कमानीची छपरे उभी केली. कुंभाराचे चाक आणि आजची गरज तिथे एकत्र आली.

आज प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्या भागात घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात आणि घर पत्नीच्या किंवा दोघांच्या नावे करण्याची तरतूद आहे. कागदावर घर आपले झाले, तर छपराबद्दल विचारण्याचा हक्कही आपला. मिस्त्रीला विचारा: उतार किती ठेवणार? पाणी कुठून जाणार? सैपाकघराची वाफ कुठून निघणार? काम झाल्यावर विचारून उपयोग नाही, स्लॅब पडायच्या आधी विचारा.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत एवढे करा. प्रत्येकीने पहाटे उठून आपल्या घराचे छप्पर आतून हात लावून, नाहीतर काठीला फडके बांधून पाहावे. ओले लागले तर झरोक्याचे काम गटाने मिळून काढावे. एकीची शिडी, दुसरीची जाळी, तिसरीच्या घरचा मिस्त्री. कवेलूही आपण असेच मिळून फेरत होतो.