फौजी वर्षांचा हिशेब

कुर्डुवाडीचा पोरगा १९ व्या वर्षी फौजेत गेला आणि १७ वर्षं नोकरी करून पेन्शनवर घरी आला, की वय होतं ३६. पोलीस शिपाई भरतीत खुल्या गटाची मर्यादा २८. सीमेवर काढलेली वर्षंच त्याच्या आड येऊ नयेत, म्हणून या मर्यादेत सैनिकी सेवेइतकी वर्षं आणि वर ३ वर्षं मिळवतात. २८ अधिक १७ अधिक ३, म्हणजे त्याच्यासाठी मर्यादा ४८. डिस्चार्ज बुकातल्या दोन तारखांवर, भरतीच्या आणि निवृत्तीच्या, हा सगळा हिशेब उभा असतो.

या सवलतीचं मूळ युद्धांत आहे. दुसऱ्या महायुद्धात आयसीएस या ब्रिटिशकालीन सनदी सेवेची भरती १९४३ पासून थांबली, आणि युद्ध संपल्यावर लढून आलेल्यांसाठी सरकारी सेवांत वेगळी वाट काढावी लागली. १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर अनेक तरुणांनी आणीबाणी कमिशन, म्हणजे लष्करातलं तातडीचं अधिकारीपद, घेतलं. ते लष्करातून मोकळे झाले तेव्हा १९६७ च्या नियमांनी त्यांच्यासाठी जागा राखल्या. त्यांचं वय धरलं ते परीक्षेच्या वर्षाचं नव्हे, लष्करी प्रशिक्षणाला गेले त्या वर्षाचं. मला या साऱ्या कुळकथेत हेच कलम सर्वांत न्यायाचं वाटतं.

साध्या जवानासाठी केंद्राचे माजी सैनिक पुनर्नियुक्ती नियम १९७९ साली आले. वयातून सेवेची वर्षं वजा करायची. उरलेलं वय मर्यादेच्या वर ३ वर्षांपर्यंत चालतं. सूत्र तेच, मांडणी उलटी. महाराष्ट्रात गट क आणि ड च्या पदांवर माजी सैनिकांना १५ टक्के समांतर आरक्षणही आहे. पोलीस शिपाई, अग्निशामक ही पदं याच गटांतली. मात्र वय माफ झालं तरी लेखी परीक्षा चुकत नाही, आणि वह्या-पुस्तकं सुटून दीड तप लोटलेल्या माणसाला विशीतल्या पोरांशी तिथेच झुंजावं लागतं.

आता कुर्डुवाडी ज्यात येते त्या माढा तालुक्यातल्या घरांपुढचा प्रश्न वेगळा आहे. २०२२ च्या अग्निपथ या चार वर्षांच्या फौजभरती योजनेतल्या पहिल्या तुकडीची मुदत २०२६ च्या अखेरीस पुरी होऊ लागते आणि बहुतेक मुलं परततील. तेव्हा त्यांचं वय फार तर २७ असेल, म्हणजे वयाची सूट त्यांना लागणारच नाही. योजनेने त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मात्र दिलेला नाही. पोलीस आणि अग्निशमन भरतीत त्यांच्या चार वर्षांना राज्याने वजन द्यायलाच हवं.