आभाळ निवळल्यावरचे दोन दिवस

थोरले मामा सीमेकडचे रस्ते बांधणाऱ्या ग्रेफमध्ये होते, मनाली–लेह रस्त्यावरचा बर्फ काढायच्या कामाला. सुटीवर कोरेगावला आले की जेवणं उरकल्यावर आम्ही पोरं त्यांना घेरायचो आणि ते रोहतांग खिंडीच्या गोष्टी सांगायचे. त्यांचा गुरू म्हणजे गँगचा मेट, म्हणजे मुकादम, कोकसरकडचा एक लाहौली म्हातारा. मामा त्यांना ‘चाचा’ म्हणत, म्हणून ते आमचेही चाचाच.

तेव्हा खिंडीखालून बोगदा नव्हता. ३,९७८ मीटरवरची खिंड बर्फानं बंद झाली की पलीकडचं लाहौल तुटायचं. तरी माणसं चालत जायची. कुणी टपाल घेऊन, कुणी आजाऱ्याला पाठीवर घेऊन. कोकसर आणि मढीला बचाव चौक्या असत. चाचांचा नियम एकच: बर्फ थांबल्यावर दोन दिवस हलायचं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे तीनला निघायचं आणि अकराच्या आत खिंड मागं टाकायची. पहिल्याच सकाळी लख्ख ऊन पडलं की नवी पोरं बूट चढवायला लागत. चाचा त्यांना खाली बसवत. “बर्फ पडताना माणूस घाबरलेला असतो, म्हणून वाचतो. मरतो तो अशा दिवशी.”

त्यामागचं कारण मला पुढं वाचनातून कळलं. वादळवारा डोंगराच्या एका अंगाचा बर्फ उचलून आडोशाच्या अंगाला रचतो. वरचा थर फरशीसारखा घट्ट, खालचा भुसभुशीत. दोघांची पकड बसायला वेळ लागतो. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर असा थर एका माणसाच्या वजनानंही सुटतो. डोंगरात फिरायला गेलेले जे हिमस्खलनात सापडतात, त्यांतल्या बहुतेकांवर कोसळलेला बर्फ त्यांच्या किंवा सोबत्याच्याच पावलानं सुटलेला असतो. पायाखाली ‘धप्प’ झालं की चाचा आल्या पावली मागं फिरत. त्यावर चर्चा नाही.

घळ कशी ओलांडायची ते मामा ओसरीवर करून दाखवत. पाठपिशवीचा कमरपट्टा सोडायचा. काठीची वादी मनगटातून काढायची. कमरेची लांब लाल दोरी मागं लोळत ठेवायची, म्हणजे माणूस गाडला गेला तरी तिचं टोक वर राहायची आशा. एकानंच जायचं, बाकीच्यांनी आडोशाला उभं राहून त्याच्यावरची नजर काढायची नाही. तो दिसेनासा झाला ती जागा डोळ्यांत धरायची आणि शोध तिथून खाली घ्यायचा.

मार्च १९७९ बद्दल मात्र मामा फार बोलत नसत. त्या महिन्यात लाहौलमध्ये हिमस्खलनांनी दोनशेच्या वर माणसं नेली, कितीतरी राहत्या घरांतून. वाटसरूला दोन दिवस थांबता येतं. उताराखालच्या घरानं काय करावं?

२०२० साली अटल बोगदा खुला झाला, खिंडीतली पायपीट संपली. पण आमच्या घरातली पोरं आता हौसेनं हिवाळी ट्रेकला जातात, आणि निघण्याआधी मामांपुढं हजेरी होते. लाल दोरीच्या जागी अंगावर बांधायचा, सिग्नल देणारा बीपर आलाय, याचं त्यांना कौतुक आहे. पण तो फक्त जागा दाखवतो. स्वित्झर्लंडमधल्या नोंदींनुसार गाडलेल्याला १० मिनिटांत बाहेर काढलं तर दहातले नऊ जगतात. ३० मिनिटं झाली की तिघांतला एक. थांबलेला बर्फ दगडासारखा बसतो, हातांनी उकरला जात नाही. म्हणून मामा प्रत्येकाची पिशवी उघडायला लावतात आणि धातूच्या पात्याचं फावडं दिसल्याशिवाय गाडीभाडं देत नाहीत. “दोघांत एक आहे” म्हणणाऱ्या भाचीला त्यांनी परवा विचारलं, “आणि फावडंवालीच गाडली गेली तर?”