धमनीच्या अस्तराची चीर

परळचे केईएम रुग्णालय. इथे माझ्या वहिनींच्या अँजिओग्राफीत चरबीचा अडथळा दिसला नाही, तरी तो धमनीच्या अस्तराला चीर पडून आलेला हार्ट अटॅकच होता. या विकारात हृदयाच्या धमनीचे अस्तर आपोआप सुटते, थरांमध्ये रक्त साचते आणि वाट चेपली जाते. रुग्ण बहुतांशी बायका, अनेकदा पन्नाशीच्या आतल्या, काही नुकत्याच बाळंत झालेल्या. म्हणूनच हार्ट अटॅकची शंका येत नाही आणि घरचे ‘पित्त झालं असेल’ म्हणून सोडा पाजत बसतात. या विकाराची पहिली नोंद १९३१ची, ४२ वर्षांच्या बाईच्या शवविच्छेदनातली. रक्तप्रवाह चालू आणि रुग्ण स्थिर असेल तर डॉक्टर सहसा स्टेंट टाळतात, कारण तार घालताना चीर आणखी लांबू शकते. काही दिवस रुग्णालयात देखरेख, बीटा-ब्लॉकर. बहुतेक चिरा काही आठवड्यां-महिन्यांत भरून येतात.