पवनारचे कोरीव दगड

युरोपात लोक जुन्या चर्चमधली चित्रं बघायला जातात. आम्ही गटातल्या बायका धाम नदीकाठी पवनारला गेलो. १९३८ साली विनोबा तिथं राहायला आले. जमीन खणताना राम-भरत भेटीची मूर्ती सापडली, वाकाटकांच्या काळातली, सुमारे दीड हजार वर्षं जुनी. याच घराण्यातल्या राणी प्रभावतीगुप्तांनी नवरा गेल्यावर, मुलं लहान असताना, राज्य सांभाळलं. त्यांचे ताम्रपट आजही आहेत. १९५९ साली विनोबांनी तिथंच बायकांसाठी ब्रह्मविद्या मंदिर सुरू केलं. तिथल्या बहिणी मिळून निर्णय घेतात.

ती मूर्ती कुणी पायरीला लावली असती, तर आपल्याला काय दिसलं असतं? म्हणून शेतात कोरीव दगड निघाला, तर त्यावर कपडे धुऊ नका. तहसीलदारांना कळवा.