कॉम्बो तिकीट घ्यावं की एकाच पार्कचं? बऱ्हाणपूरहून निघण्याआधी मांडायचा हिशेब

बऱ्हाणपूर : सुट्ट्या लागल्या की पोरांची मागणी ठरलेली असते, वॉटर पार्क. मोठ्यांचं गणितही ठरलेलं असतं. एवढ्या लांब जायचंच आहे, तर शेजारचा दुसरा पार्कही उरकून घेऊ. तिकिटाच्या पानावर ‘दोन्ही पार्क मिळून इतकी बचत’ असं ठळक लिहिलेलं असतं. चार जणांच्या घराला हा फरक दोन-तीन हजारांवर जातो. लूमवर किंवा दुकानात कामाला असणाऱ्या घरासाठी ही रक्कम लहान नाही. म्हणून कॉम्बो तिकिटाचे जादा पैसे कधी वसूल होतात आणि कधी पाण्यात जातात, ते इथे मांडलं आहे.

आपल्या भागातून जाण्याजोगे जोडपार्क

बऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, जळगाव या पट्ट्यातल्या लोकांना एकापेक्षा जास्त पार्क शेजारी-शेजारी असलेली तीन ठिकाणं सोयीची पडतात.

पहिलं शिर्डी. इथे ‘साई तीर्थ’ हा भक्तिपर थीम पार्क आणि ‘वेट अँड जॉय’ वॉटर पार्क जवळजवळ आहेत. साई तीर्थमध्ये बहुतेक कार्यक्रम बंदिस्त सभागृहात, बसून बघायचे आहेत. रेल्वेने मनमाड किंवा कोपरगावला उतरून शिर्डी गाठता येते.

दुसरं खोपोलीजवळचं इमॅजिका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगतचा हा थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झाला. वॉटर पार्क २०१४ मध्ये आणि स्नो पार्क २०१६ मध्ये त्याला जोडले गेले. बऱ्हाणपूर मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे कल्याणला उतरून कर्जत-खोपोलीकडची लोकल धरता येते.

तिसरं लोणावळ्याचं ‘वेट अँड जॉय’. तिथे वॉटर पार्कला लागूनच पाळण्या-झोक्यांचा कोरडा पार्क आहे.

२०२२ मध्ये इमॅजिकाची सूत्रं संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेली. शिर्डी आणि लोणावळ्याचे पार्कही याच समूहाने उभे केलेले आहेत. मात्र मालक एक असला तरी एका ठिकाणचं तिकीट दुसऱ्या ठिकाणी चालेल, असं गृहीत धरू नये.

कॉम्बो स्वस्त का मिळतो?

पार्कचा मोठा खर्च आधीच होऊन गेलेला असतो. जमीन, यंत्रं, कर्जाचं व्याज, कर्मचाऱ्यांचे पगार हे गर्दी असो वा नसो, चालूच राहतात. आत आलेल्या माणसाला आणखी एका दारातून सोडायला पार्कला फारसा खर्च येत नाही. उलट दुसऱ्या दारात गेलेला माणूस पुन्हा लॉकर घेतो, कपडे भाड्याने घेतो, चहा-नाश्ता करतो. शिवाय कॉम्बो घेतलेल्या कितीतरी लोकांना दुसरा पार्क नीट बघायला वेळच उरत नाही. पैसे पूर्ण आणि वापर अर्धा. म्हणूनच दुसऱ्या पार्कवर घसघशीत सूट देणं पार्कला परवडतं.

यात फसवणूक काही नाही, हा सरळ धंदा आहे. फक्त सूट किती मिळाली यापेक्षा जादा किती द्यावे लागले आणि त्यात काय हाती आलं, हे गिऱ्हाइकाने बघायचं.

आकडे मांडून बघू

खालचे दर केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत. प्रत्यक्ष दर वार, हंगाम आणि आगाऊ बुकिंगप्रमाणे बदलतात.

समजा, थीम पार्कचं तिकीट १,४०० रुपये, वॉटर पार्कचं १,००० रुपये आणि एकाच दिवसात दोन्हीचं कॉम्बो १,९०० रुपये. जाहिरात म्हणेल, माणशी ५०० रुपयांची बचत. पण घरातून निघताना एकच पार्क बघायचं ठरलं असेल, तर ही बचत नसून माणशी ५०० रुपयांचा जादा खर्च आहे. चौघांचे २,००० झाले. त्यात वॉटर पार्कचे लॉकर आणि कपड्यांचं भाडं मिळून ९०० धरू. म्हणजे खरा फरक २,९०० रुपयांचा.

पर्याय १, एकच पार्क, एक दिवस : चौघांची तिकिटं ५,६०० रुपये. पार्कमध्ये आठ तास मिळाले तर चौघांचे मिळून ३२ तास. एका माणसाचा एक तास १७५ रुपयांना पडला.

पर्याय २, कॉम्बो, एकच दिवस : तिकिटं ७,६०० आणि वरचे ९००, एकूण ८,५०० रुपये. दिवस तेवढाच आहे. एका पार्कमधून निघून दुसऱ्यात जाणं, कपडे बदलणं, पुन्हा रांग लावणं यात एक तास गेला. उरले सात, चौघांचे २८ तास. एक तास ३०४ रुपयांच्या आसपास पडला.

पर्याय ३, कॉम्बो, दोन दिवस : समजा दोन दिवस चालणारं तिकीट माणशी २,१०० रुपये आहे. चौघांचे ८,४०० आणि वरचे ९००, एकूण ९,३०० रुपये. पहिल्या दिवशी आठ आणि दुसऱ्या दिवशी सात असे पंधरा तास मिळाले, चौघांचे ६० तास. एक तास १५५ रुपयांना पडला. पण फक्त दुसऱ्या पार्कसाठी एक मुक्काम वाढवला आणि खोली-जेवणाचे ४,००० लागले, तर एकूण १३,३०० होतात आणि तासाचा दर २२२ रुपयांच्या घरात जातो.

तिन्ही पर्याय शेजारी ठेवले की मुद्दा उघड होतो. एकाच दिवसाचा कॉम्बो घेतल्याने वेळ वाढत नाही, उलट थोडा कमीच होतो. वाढते ती फक्त विविधता. जास्तीचा वेळ हवा असेल तर तिकीट दोन दिवसांचं पाहिजे, आणि ते परवडतं तेव्हाच जेव्हा दुसऱ्या दिवसाचा मुक्काम आधीपासून ठरलेला असतो.

बऱ्हाणपूरकरांसाठी प्रवासाचा मुद्दा

मुंबई-पुण्याचा माणूस सकाळी घरून निघून दहा-अकराला पार्कच्या दारात उभा राहू शकतो. बऱ्हाणपूरहून खोपोलीला जाणाऱ्याचं तसं नाही. रात्रभर गाडीत बसायचं, पहाटे-सकाळी कल्याणला उतरायचं, तिथून लोकल, मग रिक्षा किंवा टॅक्सी. आंघोळ-नाश्ता उरकून आत जाईपर्यंत दुपार तोंडावर येते. गाडीला दोन तास उशीर झाला तर अर्धा दिवस संपलाच. त्याच रात्री परतीचं आरक्षण असेल तर संध्याकाळचे तासही हातचे जातात. अशा सहलीत कॉम्बो घेणं म्हणजे दोन ताटं वाढून घ्यायची आणि दोन्ही अर्धी टाकून उठायचं.

वॉटर पार्क साधारणपणे संध्याकाळी लवकर बंद होतात, थीम पार्क त्यापेक्षा उशिरापर्यंत चालतात. एकाच दिवसात दोन्ही करायचेच असतील तर उन्हाच्या वेळी पाण्यात आणि ऊन उतरल्यावर थीम पार्कमध्ये, हा क्रम बरा. मात्र दोन्ही दारांतून कोणत्याही क्रमाने जाता येतं का, हे तिकीट घेतानाच विचारून घ्यावं.

शिर्डीचा हिशेब वेगळा आहे. तिथे लोक मुळात दर्शनाला जातात, एक मुक्काम बहुधा होतोच. त्यामुळे खोली आणि प्रवासाचा खर्च पार्कच्या खात्यात धरायचं कारण नाही. पण दर्शनाच्या रांगेला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं. गुरुवारी आणि सणासुदीला गर्दी वाढते. म्हणून दर्शन आणि दोन्ही पार्क एकाच दिवसात कोंबू नयेत. दर्शन आधी, पार्क दुसऱ्या दिवशी, असं ठेवलं तर दगदग वाचते.

सगळ्यांना एकच तिकीट कशाला?

बहुतेक घरं इथेच जादा पैसे घालवतात. एकाने कॉम्बो घेतला म्हणून सहाही जणांना कॉम्बो. आजी-आजोबा वॉटर पार्कमध्ये बाकड्यावर पिशव्या सांभाळत बसतात आणि त्यांचंही पूर्ण तिकीट लागतं. शिर्डीत ज्येष्ठांना साई तीर्थ आणि मुलांना वॉटर पार्क अशी वाटणी सहज होऊ शकते. ज्यांना दोन्ही हवेत, त्यांनाच कॉम्बो घ्यावा.

लहान मुलांच्या बाबतीत वयापेक्षा उंची महत्त्वाची असते. मुलांचं तिकीट अनेक पार्कमध्ये उंचीवर ठरतं आणि मोठ्या राइडला किमान उंचीची अट असते. इमॅजिकातल्या ‘नायट्रो’सारख्या रोलर कोस्टरवर लहान मुलांना बसता येत नाही. ठरवलेल्या निम्म्या राइडवर पोराला प्रवेशच नसेल, तर त्या पार्कचे पैसे भरण्यात अर्थ नाही. निघण्याआधी घरीच भिंतीशी उभं करून उंची मोजावी आणि पार्कच्या यादीशी ताडून बघावी.

तिकिटावर न दिसणारे खर्च

वॉटर पार्कमध्ये सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा तशाच कापडाचा पोहण्याचा पोशाख लागतो. नसेल तर तिथे भाड्याने किंवा विकत घ्यावा लागतो, म्हणून गावातूनच घेऊन गेलेलं बरं. लॉकरचे पैसे वेगळे, अनामत वेगळी. घरचा डबा, शेव-चिवडा बहुतेक पार्कमध्ये आत नेऊ देत नाहीत, म्हणजे जेवणही आतल्याच दराने.

दर करासह आहे की कराविना, हेही बघावं. २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अशा पार्कच्या प्रवेशावर २८ टक्के कर होता. २५ जानेवारी २०१८ पासून तो १८ टक्क्यांवर आणला गेला. दर कराविना दाखवला असेल तर १,९०० चं तिकीट १८ टक्क्यांनी २,२४२ रुपयांना पडतं. चौघांमागे हा फरक १,३६८ रुपयांचा झाला.

गर्दीच्या दिवशी आणखी एक विचार करावा. काही पार्क रांग टाळण्याचा पास वेगळ्या पैशांत देतात. एकेका राइडला तासभर रांग असेल तर दुसऱ्या पार्कऐवजी त्याच पार्कमध्ये रांग वाचवण्यावर पैसे घातलेले जास्त उपयोगी पडू शकतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे शनिवार-रविवार टाळून मधल्या वारी जाणं.

परदेशी जाणाऱ्यांसाठी

आता सीमेच्या दोन्ही बाजूंच्या घरांतली मुलं आखातात, अमेरिकेत नोकरीला आहेत. आई-वडील भेटायला जातात तेव्हा हाच प्रश्न मोठ्या रकमेत समोर येतो.

अमेरिकेतल्या फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे चार थीम पार्क आहेत, तेही एकमेकांपासून अंतर राखून. तिथे अनेक दिवसांचं साधं तिकीट घेतलं की रोज एक पार्क बघता येतो. त्यावर जादा पैसे भरून ‘पार्क हॉपर’ घेतला तर एकाच दिवशी एकातून दुसऱ्यात जाता येतं. चार दिवस हाताशी असणाऱ्याला रोज एक पार्क पुरतो, हॉपरची गरज पडत नाही.

जवळच्याच युनिव्हर्सलमध्ये मात्र एक मेख आहे. दोन जुन्या पार्कना जोडणारी हॅरी पॉटरची ‘हॉगवर्ट्स एक्स्प्रेस’ ही रेल्वे २०१४ मध्ये सुरू झाली. तिच्यात बसायचं तर दोन्ही पार्कचं तिकीट लागतं. नातवंडांना तीच गाडी हवी असेल तर जादा पैशांना पर्याय नाही.

अबू धाबीच्या यास बेटावर फेरारी वर्ल्ड, यास वॉटरवर्ल्ड, वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि सीवर्ल्ड असे चार पार्क आहेत. त्यांचीही जोडतिकिटं मिळतात. दुबईहून एका दिवसासाठी जाणाऱ्याला एक पार्क पुरे, बेटावर मुक्काम करणाऱ्याला जोडतिकीट फायद्याचं.

पैसे भरण्याआधी हे विचारा

– कॉम्बो एकाच दिवसापुरता आहे की दोन दिवस चालतो? दोन दिवस असतील तर ते लागोपाठचेच हवेत का?

– त्या तारखेला दोन्ही पार्क पूर्ण सुरू आहेत का? दुरुस्ती चालू असलेल्या राइड कोणत्या?

– मुसळधार पाऊस किंवा विजांमुळे राइड थांबल्या तर पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते? पावसाळ्यात खोपोली-लोणावळ्याला जाणाऱ्यांनी हे आधी विचारावं.

– स्नो पार्कसारख्या ठिकाणी प्रवेश ठराविक वेळेच्या सत्रापुरता असतो. ती वेळ आधी राखावी लागते का?

– आधी एकच तिकीट घेऊन, आत गेल्यावर फरक भरून कॉम्बो करता येतो का? ही सोय असेल तर घाई करण्याचं कारणच उरत नाही.

थोडक्यात, दारात पोचायला दुपार होणार असेल किंवा त्याच रात्री परत फिरायचं असेल, तर एकच पार्क घ्या आणि तो पोटभर बघा. मुक्काम आधीच ठरलेला असेल, तिकीट दोन दिवस चालणारं असेल आणि दोन्ही पार्कमध्ये आपल्या घरातल्या माणसांना करण्याजोगं काही असेल, तर कॉम्बो घ्यायला हरकत नाही. या तीनपैकी एकही गोष्ट जुळत नसेल तर वाचलेले दोन-तीन हजार परतीच्या आरक्षणाला लावा, म्हणजे दिवसभर खेळून दमलेली पोरं बर्थवर झोपून घरी येतील.